एकही मॅच न हरता भारताच्या पोरी एशिया कपमधून बाहेर कशा गेल्या?

२३ जानेवारी २०२२, रविवार. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. महिलांच्या एएफसी एशियन कपमध्ये भारताची दुसरी मॅच होती, समोर चायनीज तैपेई. ही मॅच जिंकली असती तर भारत क्वार्टर फायनलच्या दारात असता. आणि क्वार्टर फायनल म्हणजे थेट वर्ल्डकपची चर्चा. भारताची फुटबॉल टीम आणि वर्ल्डकप हे दोन शब्द एका वाक्यात, तेही गंमत म्हणून नाही, असं आपल्याकडे फार वेळा होत नाही.

पण ती मॅच झालीच नाही. दुसऱ्या दिवशी भारत स्पर्धेतूनच बाहेर होता. रेकॉर्डमध्ये विजय शून्य, पराभव शून्य, बरोबरीही शून्य. म्हणजे भारताने या स्पर्धेत एकही मॅच खेळलेली नाही, असं कागद सांगतो. खरं तर तीनच दिवस आधी याच मैदानावर भारताच्या पोरी पूर्ण नव्वद मिनिटं खेळल्या होत्या.

हे नेमकं कसं झालं ते समजून घ्यायचं तर चाळीस-बेचाळीस वर्षं मागे जावं लागतं. कारण २०२२ मध्ये हातातून काय गेलं हे कळायला भारत या स्पर्धेत आधी कुठे होता ते माहीत पाहिजे. आणि तो जिथे होता ते वाचून अनेकांना धक्का बसेल.

भारत आशियात दुसऱ्या नंबरवर होता. एकदा नाही, दोनदा.

बायकांच्या फुटबॉलची आशियाई स्पर्धा १९७५ मध्ये हाँगकाँगला सुरू झाली. तेव्हा ती एएफसी म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाची स्पर्धा नव्हतीच. एएफसीला बायकांच्या फुटबॉलशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून एशियन लेडीज फुटबॉल कॉन्फेडरेशन अशी वेगळी संस्था उभी राहिली आणि तिने ही स्पर्धा भरवली. भारतातही तसंच. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन, म्हणजे एआयएफएफ, पुरुषांचं फुटबॉल बघत होतं. बायकांसाठी १९७५ मध्ये विमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया निघालं आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

भारताची या आशियाई स्पर्धेतली एन्ट्री झाली ती घरच्याच मैदानावर. जानेवारी १९८० मध्ये केरळातल्या कोळिकोडला ही स्पर्धा भरली. कागदोपत्री ती १९७९ ची धरली जाते, त्यामुळे दोन्ही वर्षं लिहिलेली दिसतात, गोंधळून जाऊ नका. यजमान म्हणून भारताने एक नाही, दोन टीम उतरवल्या. एकीचं नाव इंडिया एस, दुसरीचं इंडिया एन. ऑस्ट्रेलियाकडून अख्ख्या देशाची टीम न येता वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या राज्याची टीम आली होती. आजच्या मानाने हा कारभार गावच्या स्पर्धेसारखा वाटेल. पण मैदानावरचा खेळ खरा होता. इंडिया एस फायनलला गेली आणि तिथे तैवानकडून २-० ने हरली. तैवानला हरवणं तेव्हा कुणाच्याच आवाक्यात नव्हतं, त्यांनी १९७७ पासून लागोपाठ तीन वेळा हा कप नेला.

पुढच्याच वर्षी हाँगकाँगला भारत तिसरा आला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा फायनल, तिथे थायलंडने ३-० ने हरवलं. सलग तीन स्पर्धा आणि तिन्हीत पहिल्या तिघांत.

आता एक तुलना. १९८१ च्या त्या हाँगकाँगच्या स्पर्धेत जपानच्या बायका पहिल्यांदाच देशासाठी खेळायला उतरल्या होत्या. म्हणजे भारत आशियात तिसरा येत होता तेव्हा जपान श्रीगणेशा करत होतं. त्यानंतर बरोबर तीस वर्षांनी, २०११ मध्ये, जपानने अमेरिकेला फायनलमध्ये हरवून वर्ल्डकप जिंकला. २०११ मध्ये भारताची टीम वर्ल्डकप सोडाच, एशियन कपच्या मुख्य फेरीतही नव्हती.

त्या काळात भारताकडून खेळणाऱ्या बायका कोण होत्या, हे आज फुटबॉल बघणाऱ्यांनाही सहसा सांगता येत नाही. बंगालची शांती मलिक ही त्यातली मोठी स्टार. १९८३ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मिळवणारी ती पहिली महिला फुटबॉलपटू. दुसऱ्या महिला फुटबॉलपटूला, मणिपूरच्या बेमबेम देवीला, हा पुरस्कार मिळाला २०१७ मध्ये. मधे चौतीस वर्षं गेली. आपल्या शेजारच्या गोव्यातून योलांदा डिसूझा याच पिढीत भारतासाठी खेळली. पुढे ती चित्रकार म्हणून ओळखली गेली.

मग गाडी घसरली कुठे?

इथे खलनायक शोधायला गेलं तर एक माणूस सापडत नाही. सापडतं ते रिकामं वेळापत्रक. १९८६ मध्ये आशियाई लेडीज कॉन्फेडरेशन एएफसीमध्ये विलीन झालं. त्याच वर्षी चीन पहिल्यांदा स्पर्धेत उतरला आणि उतरल्या उतरल्या कप घेऊन गेला. तिथून १९९९ पर्यंत लागोपाठ सात वेळा चीनच. जपान, दोन्ही कोरिया, चीन या देशांनी बायकांच्या फुटबॉलवर पैसा आणि वेळ घालायला सुरुवात केली. आणि भारत? १९८६ ला भारत गेला नाही. १९८९ ला नाही, १९९१ ला नाही, १९९३ लाही नाही.

यातली १९९१ ची गैरहजेरी सगळ्यात महागात पडली. त्या वर्षी फिफाने चीनमध्ये बायकांचा पहिला वर्ल्डकप घेतला आणि त्यासाठी आशियातून कोण जाणार हे त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धेत ठरलं. दार पहिल्यांदा उघडलं तेव्हा, आठ वर्षांपूर्वीचे उपविजेते रांगेतही नव्हते.

भारतात बायकांच्या फुटबॉलचा कारभार एआयएफएफकडे आला तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मोठ्या संस्थेच्या छत्राखाली आल्यावर दिवस पालटतील अशी अपेक्षा होती. १९९५ ते २००३ भारत पाच वेळा आशियाई स्पर्धेत खेळला, पण पाचही वेळा ग्रुपमधूनच परतला. आशियातल्या बड्या टीम तोवर किती पुढे गेल्या होत्या याचा अंदाज एका स्कोअरवरून येतो. १९९८ च्या बँकॉक एशियाडमध्ये चीनने भारतावर १६ गोल केले. भारताचा शून्य.

२००३ नंतर मुख्य फेरीचंच दार बंद झालं, कारण आता क्वालिफायर पार करावे लागत होते. २००९ मध्ये तर याहून वाईट झालं. भारताची टीम इतके महिने एकही आंतरराष्ट्रीय मॅच खेळली नव्हती की फिफाने रँकिंगमधूनच नाव काढलं. शेवटचा नंबर नव्हे, नंबरच नाही. दक्षिण आशियाच्या सॅफ स्पर्धेत मात्र याच टीमने २०१० पासून सलग पाच वेळा कप जिंकला. गल्लीत दादा, पण गल्ली ओलांडली की अवघड, असा सगळा प्रकार. एप्रिल २०१७ मध्ये प्याँगयांगला एशियन कपचे क्वालिफायर झाले, तिथे उत्तर कोरियाने ८ आणि दक्षिण कोरियाने १० गोल केले.

ही पार्श्वभूमी असताना जून २०२० मध्ये बातमी आली. २०२२ चा एशियन कप भारतात होणार. यजमान असल्याने क्वालिफायर खेळायची गरज नाही. शिवाय एएफसीने टीमची संख्या ८ वरून १२ केली होती, त्यामुळे पुढे जायच्या जागाही वाढल्या होत्या.

आधी नवी मुंबईसोबत अहमदाबाद आणि भुवनेश्वरची मैदानं ठरली होती. मग कोरोना आला. टीमचा प्रवास कमीत कमी व्हावा म्हणून सगळी स्पर्धा महाराष्ट्रात आणली गेली. नेरूळचं डी. वाय. पाटील, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना आणि पुण्याचं बालेवाडी.

पालघरकरांसाठी तर ही स्पर्धा घराशेजारी आली होती. चिंचणी-तारापूरहून बोईसर स्टेशन गाठायचं, डहाणूहून येणारी चर्चगेट लोकल पकडायची आणि अंधेरीला उतरायचं. २६ जानेवारीला भारत विरुद्ध चीन ही मॅच तिथेच होती. प्रजासत्ताक दिन, सुट्टीचा दिवस आणि समोर चीन. चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वाळूत चपलांचे गोलपोस्ट लावून खेळणाऱ्या पोरापोरींना आशियातल्या सगळ्यात भारी टीम डोळ्यांसमोर बघायची संधी. फक्त मॅच बंद दाराआड होत्या, प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. ओमिक्रॉनची लाट तेव्हा मुंबईत जोरात होती.

टीमची तयारी मात्र या वेळी खरोखर झाली होती. स्वीडनचे थॉमस डेनर्बी कोच. कॅप्टन मणिपूरची आशालता देवी. नोव्हेंबर २०२१ मध्ये टीम थेट ब्राझीलला जाऊन ब्राझीलशी खेळली. ६-१ ने हरली, पण तो एक गोल पंजाबच्या मनीषा कल्याणने केला होता आणि ब्राझीलवर गोल ही काही रोज घडणारी गोष्ट नाही. संघात मणिपूर, तमिळनाडू, ओडिशा, झारखंड, हरियाणाच्या पोरी होत्या. बऱ्याच जणी अशा गावांमधल्या, जिथे मुलीने शॉर्ट्स घालून मैदानात उतरणं हीच पहिली मॅच असते.

२० जानेवारीला सलामीची मॅच इराणशी झाली. इराण पहिल्यांदाच या स्पर्धेत आलेलं. भारताने संधी बऱ्याच तयार केल्या, पण बॉल काही जाळ्यात गेला नाही. इराणची गोलकीपर जोहरे कुदाई भिंतीसारखी उभी राहिली. निकाल ०-०. भारतासाठी थोडी निराशा, इराणसाठी या स्पर्धेतला पहिलावहिला पॉईंट.

तिथून पुढे तीन दिवसांत सगळं कोसळलं. मॅचच्या आधीच दोन खेळाडू पॉझिटिव्ह निघाल्या होत्या. तैपेईच्या मॅचच्या आधीच्या टेस्टमध्ये आकडा १२ वर गेला.

आता एएफसीचा नियम बघा, कारण सगळा विषय इथेच अडतो. कोरोनासाठी केलेल्या खास नियमांत लिहिलं होतं की टीमकडे किमान १३ खेळाडू हवेत आणि त्यात निदान एक गोलकीपर हवी. तेवढ्या नसतील तर त्या टीमने स्पर्धेतून माघार घेतली असं मानलं जाईल. टीम २३ जणींची. १२ गेल्या की उरतात ११. आणि माघार घेतली असं मानलं की त्या टीमच्या सगळ्याच मॅच रद्द, झालेल्यासुद्धा.

म्हणून सोशल मीडियावर आजही जे फिरतं, की भारताने माघार घेतली, ते अर्धवट आहे. भारताने माघार घेतलेली नव्हती. नियमाने ती घेतल्याचं धरलं. मॅच दोन-चार दिवस पुढे ढकलायची सोय त्या नियमांत नव्हती. कोच डेनर्बींनी नंतर उघडपणे एएफसीच्या व्यवस्थेवर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं होतं की टीम बायो-बबलमध्ये होती, ती कुठे बाहेर गेली नव्हती आणि हॉटेलचे काही कर्मचारी पॉझिटिव्ह आल्यावर वेळीच पावलं उचलली गेली नाहीत. स्पर्धेचा नियम सगळ्या टीमना सारखाच होता हे खरं. पण यजमान टीमला घरी पाठवणारा नियम लिहिताना त्यावर पुरेसा विचार झाला होता का, हा प्रश्न उरतोच.

यात इराणचंही नुकसान झालं, ते फारसं कुणी बोललं नाही. भारताचे निकाल रद्द म्हणजे त्या ०-० चा पॉईंटही रद्द. इराण शून्य पॉईंटवर घरी गेलं.

भारताचं किती गेलं हे पुढच्या पंधरा दिवसांत दिसलं. त्या स्पर्धेतून २०२३ च्या वर्ल्डकपसाठी आशियाला पाच थेट जागा होत्या, वर दोन टीमना प्लेऑफची संधी. ऑस्ट्रेलिया सहयजमान म्हणून आधीच आत होता. बारापैकी आठ टीम क्वार्टर फायनलला जाणार होत्या आणि तिथे हरलेल्यांनाही आणखी एक चान्स होता. ज्या तैपेईशी भारताची मॅच होणार होती, ती टीम भारताच्या ग्रुपमधून क्वार्टर फायनलला गेली. ३० जानेवारीला बालेवाडीत फिलिपिन्सविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली, पेनल्टी शूटआऊटमध्ये तैपेई हरली आणि फिलिपिन्स पहिल्यांदा वर्ल्डकपला गेलं. पुण्यात ठरलेली ती तिकीट वाया गेली नाही. दीड वर्षाने फिलिपिन्सने वर्ल्डकपमध्ये यजमान न्यूझीलंडला १-० ने हरवलं. व्हिएतनामनेही पहिल्यांदा वर्ल्डकप गाठला, तोही डी. वाय. पाटीलवर तैपेईला २-१ ने हरवून.

भारत जाऊन वर्ल्डकपला पोचलाच असता का? तसं छातीठोक सांगता येत नाही. चीन त्या वेळी खूपच वरचढ होता, फायनलमध्ये तर दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ वरून ३-२ ने कप जिंकला. पण तैपेईशी मॅच बरोबरीची झाली असती, आणि प्रश्न फक्त त्या एका मॅचचा होता.

त्याच वर्षी आणखी एक झटका बसला. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने एआयएफएफला निलंबित केलं, कारण फेडरेशनच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप. निलंबन अकरा दिवसांत उठलं, पण तेवढ्यात गोकुळम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या. त्यांना एकही मॅच न खेळता परत यावं लागलं. एका वर्षात दुसऱ्यांदा भारतीय महिला फुटबॉलपटू मैदानाच्या बाहेर घडलेल्या गोष्टीमुळे मैदानाबाहेर गेल्या. ऑक्टोबरमध्ये मुलींचा अंडर-१७ वर्ल्डकप भारतात झाला, फायनल पुन्हा नेरूळलाच. भारत अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील या तिघांकडूनही हरला.

आता वळू या त्या भागाकडे, ज्यामुळे हा सगळा इतिहास पुन्हा काढायची वेळ आली आहे.

जून-जुलै २०२५. थायलंडमधलं चियांग माई. २०२६ च्या एशियन कपचे क्वालिफायर. भारताचे कोच क्रिस्पिन छेत्री. मंगोलियावर १३-०, तिमोर-लेस्तेवर ४-०, इराकवर ५-०. शेवटची मॅच ५ जुलैला यजमान थायलंडशी. दोघींचे पॉईंट सारखे, गोलफरकसुद्धा सारखा. जो जिंकेल तो ऑस्ट्रेलियाला जाणार. रँकिंगमध्ये थायलंड भारताच्या चोवीस जागा वर आणि दोन वर्ल्डकप खेळलेला.

संगीता बासफोरने २८ व्या मिनिटाला गोल केला. हाफटाइमनंतर लगेच थायलंडने बरोबरी साधली. ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीता. २-१.

भारत पहिल्यांदाच क्वालिफायर जिंकून एशियन कपमध्ये गेला. आधी जेव्हा जेव्हा खेळला तेव्हा क्वालिफायर तरी नव्हते, नाहीतर यजमानपद तरी होतं. आणि ज्या थायलंडने १९८३ मध्ये बँकॉकला फायनल हिसकावली होती, त्यांनाच त्यांच्या घरी हरवून गेला. पुरुषांच्या टीमचं बघायचं तर ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून २-१ ने हरून ती २०२७ च्या एशियन कपच्या शर्यतीतून बाहेर पडली. टीव्हीवरच्या चर्चा कुणाच्या जास्त होतात हे तुम्हाला माहीत आहेच.

आता पुढे काय? १ ते २१ मार्च २०२६ या काळात पर्थ, सिडनी आणि गोल्ड कोस्टला स्पर्धा आहे. भारत ग्रुप सी मध्ये. ४ मार्चला पर्थमध्ये व्हिएतनाम, ७ मार्चला तिथेच जपान. जपानचं सोडून द्या, त्यांच्याकडून कमी गोलांनी हरणं हेही गणितात कामाला येऊ शकतं, कारण तिन्ही ग्रुपमधल्या तिसऱ्या नंबरच्या टीमपैकी दोन सगळ्यात चांगल्या पुढे जातात. भारताची खरी लढाई बाकीच्या दोघींशी आहे. क्वार्टर फायनल गाठली तर ब्राझीलच्या २०२७ वर्ल्डकपसाठी किमान एक संधी नक्की. आशियाला सहा थेट जागा आहेत. चार सेमीफायनलच्या टीमना, दोन क्वार्टर फायनलमध्ये हरलेल्यांच्या आपसातल्या लढतीतून. तिथेही हरलेल्या दोघींना आंतरखंडीय प्लेऑफ.

ग्रुपमधली तिसरी टीम कोणती? १९८० मध्ये कोळिकोडच्या फायनलमध्ये भारताला हरवणारी, आणि जानेवारी २०२२ मध्ये नेरूळला जिच्याशी भारताला खेळताच आलं नाही ती. चीनच्या आक्षेपामुळे तैवान आंतरराष्ट्रीय खेळांत चायनीज तैपेई या नावाने उतरतं, टीम मात्र तीच. १० मार्च, सिडनी, ग्रुपमधली भारताची शेवटची मॅच.